संप होणार कीं टळणार?



दुपारच्या वेळीं दारावरची घंटा वाजते. एक मनुष्य घाईघाईनें एक पुडकें आपल्या हातीं ठेवतो, आणि आंतून कोणी "कोण आलें होतें?" असें विचारीपर्यंत तो जिन्याच्या शेवटच्या पायरीवर पोंचलेला असतो. पुडकें कोणी पाठविलें हें आपण उत्सुकतेनें पाहतों. तें आणणारा कोण, याची चौकशी करण्याचें आपल्याला सहसा सुचत नाहीं. तो एक दिवस आलाच नाहीं, म्हणजे मात्र त्याची आठवण होते. आणि तो एकटाच नव्हे, तर त्याच्यासारखे तीन लाख चाळीस हजार लोक एकाच दिवशीं काम सोडून उभे राहिले तर काय होईल, हा प्रश्न एका मोठ्या राष्ट्राला २०२३ सालच्या उन्हाळ्यांत कित्येक आठवडे भेडसावीत होता. तें राष्ट्र अमेरिका. आणि ते लोक ज्या कंपनीचे नोकर ती कंपनी म्हणजे युनायटेड पार्सल सर्व्हिस, अथवा आद्याक्षरांनीं सर्वत्र ओळखिली जाणारी यूपीएस. त्या वेळीं संप टळला. परंतु ज्या करारानें तो टळला त्या कराराची मुदत ३१ जुलै २०२८ पर्यंतच आहे, आणि म्हणून तोच प्रश्न पुन्हां समोर येतो. संप होईल कीं टळेल याचें भविष्य वर्तविण्याचा माझा उद्देश नाहीं. तें ज्योतिष्याचें काम. असा संप कशानें जवळ येतो, कशानें दूर जातो, आणि तो टळतो तेव्हां खरोखर काय टळतें, एवढेंच आज आपल्यापुढें मांडावयाचें आहे.

आगगाडी येण्यापूर्वीं आपल्या देशांत एका गांवचा माल दुसऱ्या गांवीं सुखरूप नेऊन पोंचविण्याची हमी जो घेई, त्यास हुंडेकरी म्हणत. यूपीएस ही आजच्या काळची अशीच एक प्रचंड हुंडेकरी पेढी होय. १९०७ सालीं सिॲटल शहरांत जेम्स केसी नांवाच्या एकोणीस वर्षांच्या तरुणानें एका सोबत्यासह, शंभर डॉलर उसने घेऊन, निरोप पोंचविणाऱ्या पोरांची एक लहानशी संस्था काढली. चिठ्या आणि किरकोळ सामान पायीं किंवा सायकलीवरून नेऊन द्यावयाचें, एवढाच तिचा व्याप. २०२२ सालीं त्याच धंद्याची वर्षाची उलाढाल शंभर अब्ज डॉलरांवर गेली होती, आणि एकट्या अमेरिकेंत रोज सुमारें दोन कोटी पुडकीं ती पोंचवीत होती.

कंपनीच्या समोर उभी असलेली संघटना तिच्याहूनहि थोडी वडील आहे. तिचें नांव इंटरनॅशनल ब्रदरहुड ऑफ टीमस्टर्स. ती १९०३ सालीं स्थापन झाली. इंग्रजींत गाडीला जुंपलेल्या जनावरांच्या जोडीला 'टीम' म्हणतात, आणि ती जोडी हांकणारा तो टीमस्टर. घोडे गेले, मोटारी आल्या, तरी गाडीवानांच्या या संघानें आपलें नांव बदललें नाहीं. यूपीएसमधील त्याचे सभासद एकाच राष्ट्रव्यापी कराराखालीं काम करतात. ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. कारण करार एक, तेव्हां त्याच्या समाप्तीची तारीखहि एक, आणि म्हणून संप झाल्यास तो एका ठाण्याचा किंवा एका शहराचा न होतां साऱ्या देशाचा होतो.

आतां या लोकांच्या कामाचें स्वरूप पाहूं. तपकिरी रंगाची गाडी घेऊन दारोदार फिरणारा चालक आपल्याला दिसतो. त्याच्यामागें न दिसणारा दुसरा एक कामकरी असतो. केंटकी संस्थानांतील लुइव्हिल या शहरीं कंपनीचें विमानांचें मुख्य ठाणें आहे. तेथें मध्यरात्रीच्या सुमारास विमानांमागून विमानें उतरतात; तासाला चार लाखांवर पुडकीं फिरत्या पट्ट्यांवरून निवडण्याची तेथें सोय आहे; आणि उजाडण्यापूर्वीं तीं विमानें पुन्हां भरून आपापल्या वाटेस लागतात. अशींच लहानमोठीं ठाणीं देशभर आहेत. पुडकीं निवडण्याचें, उतरविण्याचें आणि गाड्यांत रचण्याचें हें काम पुष्कळदां रात्रीं किंवा पहांटे तीनचार तासांतच उरकावें लागतें. तेवढ्यासाठीं दिवसभराचा नोकर कशाला, असा कंपनीचा हिशेब. म्हणून तेथें अर्धवेळ माणसें ठेविलेलीं असतात. कंपनीच्या संघटित नोकरांपैकीं निम्म्याहून अधिक असे अर्धवेळच आहेत. चालकाची जागा बहुधा ज्येष्ठतेनें मिळते, आणि त्या जागेची वाट पाहत कित्येकजण वर्षानुवर्षें पहांटेचीं पुडकीं उचलीत राहतात. चालकाचें वेतन अमेरिकेंतील कष्टकऱ्यांत चांगल्यांपैकीं गणलें जातें. अर्धवेळ कामकऱ्याचें वेतन मात्र त्याच्या निम्म्याच्याहि खालीं राहत आलें आहे. एकाच छपराखालीं, एकाच पुडक्याला हात लावणाऱ्या दोघांत हें जें अंतर आहे, तेंच या साऱ्या कलहाचें बीज होय.

तें बीज प्रथम १९९७ सालीं वर आलें. नव्या अर्धवेळ नोकराचा आरंभींचा दर १९८२ पासून तासाला आठ डॉलरच राहिला होता. पंधरा वर्षांत महागाई किती वाढली याचा त्याला कांहीं स्पर्शच झाला नव्हता. त्यांतच कंपनीनें निवृत्तिवेतनाच्या सामायिक निधींतून बाहेर पडण्याचा विचार मांडला. ४ ऑगस्ट १९९७ रोजीं सुमारें एक लाख पंचाऐंशी हजार नोकर संपावर गेले. कंपनीच्या वैमानिकांचा संघ निराळा होता. पण त्यांनींहि संपकऱ्यांची ओळ ओलांडण्याचें नाकारलें, आणि विमानें जमिनीवरच राहिलीं. सरकारी टपालखात्यावर एवढा भार आला कीं, एका माणसाकडून एका वेळीं चारच पुडकीं घ्यावीं असा निर्बंध त्याला घालावा लागला. संघाची तिजोरी त्या वेळीं रिकामीच होती. संपकऱ्याला आठवड्याला पंचावन्न डॉलर मिळत, आणि तेवढे देतां यावेत म्हणून इतर संघटनांना कर्जाऊ रकमेचें आश्वासन द्यावें लागलें. असें असतांहि पंधरा दिवसांत संप मिटला, आणि तो संघाच्या बाजूनें मिटला. अर्धवेळ जागा एकत्र करून दहा हजार नव्या पूर्णवेळ जागा निर्माण करण्याचें कंपनीनें मान्य केलें, आणि निवृत्तिवेतनाची जुनी व्यवस्थाहि कायम राहिली. या पंधरवड्यांत कंपनीचें साठ कोटी डॉलरांहून अधिक नुकसान झालें.

हा निकाल पुष्कळांना अनपेक्षित होता. १९८१ सालीं विमानवाहतुकीचें नियंत्रण करणारे सरकारी नोकर संपावर गेले, तेव्हां अध्यक्ष रीगन यांनीं अकरा हजारांवर माणसें एकदम बडतर्फ केलीं होतीं, आणि तेव्हांपासून अमेरिकेंत संप म्हणजे हरण्याचा मार्ग, अशी समजूत दृढ झाली होती. १९९७ सालीं गॅलप संस्थेनें लोकांचा कौल अजमावला तेव्हां शंभरांत पंचावन्न लोक संपकऱ्यांच्या बाजूचे आणि सत्तावीस कंपनीच्या बाजूचे निघाले. याचें कारण असें दिसतें कीं, रोज दारीं येणारा चालक लोकांच्या ओळखीचा होता. आणि 'अर्ध्या दिवसाच्या नोकरीवर पुरा संसार चालत नाहीं' ही त्याची तक्रार शेजारच्या दुकानांत किंवा कचेरींत काम करणाऱ्यालाहि आपलीच वाटली. संपाचें यश केवळ संपकऱ्यांच्या संख्येवर नसतें. गैरसोय ज्यांना सोसावी लागते ते लोक ती कोणाच्या खात्यावर मांडतात यावरहि तें असतें.

येथें एक शंका कोणाच्या मनांत येईल. मुंबईच्या गिरणीकामगारांचा संप १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झाला. त्यांत अडीच लाखांच्या आसपास कामगार होते, म्हणजे अमेरिकेंतील त्या संपकऱ्यांहून अधिक. तो पंधरा दिवस नव्हे, वर्षाहून अधिक काळ चालला. आणि तरी त्यांतून कामगारांच्या हातीं कांहीं न येतां गिरणगांवच उजाड झालें. मग तेथें पंधरवड्यांत जें साधलें तें येथें कां साधलें नाहीं? कारणें अनेक आहेत. त्यांतील एक धंद्याच्या स्वरूपांत आहे. कापड हें सांठवून ठेवतां येतें. गिरणी बंद पडली तरी गोदामांतील गांठी विकल्या जातात, आणि पुढें यंत्रमागावरचें कापड त्यांची जागा घेतें. ज्या गिरणीला नफा उरलेला नाहीं तिच्या मालकाला संप ही आपत्तीच वाटेल असें नाहीं. पुडकें पोंचविण्याची सेवा मात्र सांठवितां येत नाहीं. आज न पोंचविलेलें पुडकें उद्यां पोंचविलें तर आजची मिळकत बुडाली ती बुडालीच. आणि औषध, यंत्राचा सुटा भाग किंवा नाशिवंत जिन्नस असेल तर उद्यां त्याचा उपयोगहि नाहीं. म्हणून अशा धंद्यांत पहिल्या आठवड्याचा धक्का फार मोठा असतो, आणि त्या धक्क्याच्या नुसत्या कल्पनेनेंहि वाटाघाटींच्या टेबलावरचा रंग पालटतो.

कायद्याची बाजूहि थोडक्यांत सांगितली पाहिजे. १९३५ च्या कायद्यानें अमेरिकन कामगाराला संघटना करण्याचा, एकत्र करार करण्याचा व संपावर जाण्याचा हक्क मिळाला. परंतु १९३८ सालच्या एका निकालांत तेथील सर्वोच्च न्यायालयानें असें ठरविलें कीं, केवळ वेतनासाठीं संप करणाऱ्याच्या जागीं मालकाला कायमचा दुसरा माणूस नेमतां येईल. म्हणजे हक्क आहे, पण तो बजावणाऱ्याच्या नोकरीची शाश्वती नाहीं. १९४७ च्या टॅफ्ट-हार्टले कायद्यानें आणखी एक लगाम घातला: संपामुळें राष्ट्राच्या आरोग्याला किंवा सुरक्षिततेला धोका पोंचत असेल तर अध्यक्षाला न्यायालयाकडून ऐंशी दिवसांची मनाई मिळवितां येते. १९९७ सालीं अध्यक्ष क्लिंटन यांनीं हें हत्यार उपसलें नाहीं; त्यांच्या मजूरमंत्री ॲलेक्सिस हर्मन यांनीं दोन्ही पक्षांना एकत्र बसविलें. आगगाड्या आणि विमानें यांना मात्र निराळाच, १९२६ चा कायदा लागू आहे, आणि त्याखालीं संप करणें फारच कठीण आहे. फेडेक्स ही यूपीएसची प्रतिस्पर्धी कंपनी मुळांत विमानांची म्हणून त्या कायद्याखालीं मोडत आली, आणि तिचे वैमानिक सोडले तर बाकीचे नोकर बहुतेक असंघटितच राहिले. एकाच रस्त्यावरून एकाच तऱ्हेचीं पुडकीं नेणाऱ्या दोन गाड्या, पण दोघींचे कायदे वेगळे!

१९९७ नंतर एकवीस वर्षांनीं, २०१८ च्या करारांत, कंपनीनें चालकांचीच एक नवी पायरी निर्माण केली. कराराच्या ज्या कलमांत ती होती त्यावरून तिला 'बावीस पूर्णांक चार' असेंच नांव पडलें. हे चालक काम तेंच करीत, गाडीहि तीच हांकीत, पण त्यांचा दर कमी. सभासदांचें मत घेतलें तेव्हां चोपन्न टक्क्यांनीं करार नाकारला. तथापि मतदान निम्म्याहून कमी सभासदांनीं केलें होतें, आणि तशा स्थितींत नकारासाठीं दोन-तृतीयांश मतें हवींत असा संघाच्या घटनेंत नियम होता. त्या नियमाचा आधार घेऊन पुढाऱ्यांनीं करार मान्य करून टाकला. कामकऱ्यांचा राग या वेळीं कंपनीवर होता तितकाच आपल्या पुढाऱ्यांवरहि होता. २०२१ सालीं तो नियम रद्द झाला. त्याच वर्षीं संघाची निवडणूक होऊन, कंपनीशीं कणखरपणें वागूं असें वचन देणारे शॉन ओब्रायन अध्यक्ष निवडून आले. संपाची शक्यता कंपनीच्या दाराशीं उभी राहण्यापूर्वीं ती संघाच्या घरांत जन्माला येते, ती अशी.

यानंतर २०२३ साल उजाडलें. महामारीच्या काळांत सारें जग घरांत बसलें असतां हे लोक पुडकीं घेऊन फिरत होते, आणि कंपनीचा नफा पूर्वीं कधीं नव्हता एवढा वाढला होता. त्या नफ्यांत आपला वाटा किती, असा त्यांचा सरळ प्रश्न होता. त्याला उष्म्याच्या तक्रारीची जोड मिळाली. तपकिरी गाडीचा मागचा भाग म्हणजे पत्र्याची बंद पेटी. भर उन्हाळ्यांत पुडकें शोधण्यासाठीं दिवसांतून शंभरदां तींत शिरावयाचें, आणि गाडीला थंड हवेची सोय नाहीं. जूनच्या मध्यास संघानें मत घेतलें. ९७ टक्के मतें, गरज पडल्यास संप पुकारण्याचा अधिकार पुढाऱ्यांना देण्याच्या बाजूनें पडलीं. ५ जुलैला वाटाघाटी मोडल्या. मग एक नवाच देखावा दिसूं लागला. कामावर जाण्यापूर्वीं सकाळीं नोकर ठाण्याच्या फाटकापुढें फलक घेऊन उभे राहत, फेऱ्या घालीत, आणि वेळ झाली म्हणजे आंत जाऊन कामाला लागत. ही संपाची रंगीत तालीम होती. संघाच्या निधींत तीस कोटी डॉलरांहून अधिक रक्कम जमली होती. आंकडा मोठा वाटतो खरा. पण तीन लाख चाळीस हजारांत तो वांटला तर दर माणशीं नऊशें डॉलरांच्या आसपासच पडतात, आणि तेवढ्यावर अमेरिकेंतील बिऱ्हाडाचे कांहीं आठवडेच निघतात. दहा दिवसांच्या संपानें देशाचें सात अब्ज डॉलरांवर नुकसान होईल, असा अंदाज एका अर्थविषयक सल्लागार संस्थेनें वर्तविला होता.

कंपनीच्या बाजूनेंहि विचार केला पाहिजे. तिचें म्हणणें असें कीं, आमच्या चालकाचें वेतन या धंद्यांत सर्वांत वरचें आहे, अर्धवेळ नोकरालाहि आम्ही आजारपणाच्या खर्चाचें संरक्षण देतों. आणि आमचे प्रतिस्पर्धी मात्र असलें कांहींहि न देतां स्वस्तांत माल पोंचवितात. हें म्हणणें खोटें नव्हे. फेडेक्सची गोष्ट वर आलीच आहे. ॲमेझॉनचीं पुडकीं नेणारे चालक तर कागदोपत्रीं ॲमेझॉनचे नोकरच नसतात; ते लहान लहान कंत्राटदारांकडे कामाला असतात. अशा स्थितींत वेतनाचा प्रत्येक जादा डॉलर पुडक्याच्या भाड्यावर चढतो, आणि भाडें चढलें कीं गिऱ्हाईक शेजारच्या दुकानांत जातें. गिऱ्हाइकांनीं तर संपाची वाटहि पाहिली नाहीं. नुसत्या भीतीनेंच दिवसाला दहा लाखांच्या सुमारास पुडकीं दुसऱ्यांकडे वळलीं, असें कंपनीनेंच सांगितलें. न झालेल्या संपाचीहि अशी किंमत पडते.

अखेर २५ जुलैला, म्हणजे मुदतीस सहा दिवस उरले असतां, तडजोड झाली. 'बावीस पूर्णांक चार'ची पायरी नाहींशी झाली. अर्धवेळ नोकराचा दर तत्काळ कमींत कमी एकवीस डॉलर ठरला. कामावर असलेल्या सर्वांना पहिल्या वर्षीं तासाला पावणेतीन आणि पांच वर्षांत मिळून साडेसात डॉलरांची वाढ मिळाली. सात हजार पांचशें नव्या पूर्णवेळ जागा ठरल्या, सुट्टीच्या दिवशींची सक्तीची जादा पाळी बंद झाली, आणि १ जानेवारी २०२४ नंतर घेतलेल्या मोठ्या गाड्यांत थंड हवेची व्यवस्था करण्याचें कबूल झालें. ऑगस्टमध्यें ८६.३ टक्के मतांनीं सभासदांनीं करारावर शिक्कामोर्तब केलें.

याच दिवसांत त्याच संघाची दुसरी एक गांठ दुसऱ्या एका कंपनीशीं पडली होती, आणि ती कथा विसरतां कामा नये. येलो नांवाची, १९२० नंतरच्या दशकांत निघालेली, जड माल नेणारी जुनी कंपनी कर्जानें वांकली होती; महामारीच्या वर्षीं सरकारनें तिला सत्तर कोटी डॉलर कर्ज दिलें होतें. २०२३ च्या जुलैंत नोकरांच्या निवृत्तिवेतनाचा हप्ता तिनें चुकविला आणि संघानें संपाची सूचना दिली. पैसे भरण्यास मुदतवाढ मिळून तो संपहि टळला! पण तेवढ्यांत गिऱ्हाइकांनीं माल देणें बंद केलें होतें. ३० जुलैला कंपनीचें काम थांबलें, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यांत तिनें दिवाळें काढलें, आणि सुमारें तीस हजार माणसें, त्यांत बावीस हजार संघाचे सभासद, बेकार झालीं. कंपनीनें दोष संघाला दिला, संघानें वर्षानुवर्षांच्या गैरव्यवस्थेला दिला. वाद कोणत्याहि बाजूनें सुटो, एक गोष्ट उघड आहे: एकच संघ, एकच महिना, एकच धमकी, पण भरल्या घरांतून ती वाटा मिळवून आली, आणि पोकळ घराला ती लागतांच घर कोसळलें. धमकीचें बळ हें धमकी देणाऱ्याच्या दंडांत असतें तितकेंच समोरच्याच्या तिजोरींतहि असतें.

आणि यूपीएसच्या नोकरांचा विजयहि पूर्ण विजय ठरला काय? जानेवारी २०२५ मध्यें कंपनीनें ठरविलें कीं, आपलें सर्वांत मोठें गिऱ्हाईक जें ॲमेझॉन, त्याचीं पुडकीं २०२६ च्या मध्यापर्यंत निम्म्याहून कमी करावयाचीं. कारण त्या कामांत नफा थोडा. पुडकीं कमी, म्हणजे ठाणीं कमी आणि माणसेंहि कमी. त्र्याहत्तर इमारती बंद करण्याचें ठरलें, आणि ऑक्टोबर २०२५ मध्यें कंपनीनें अठ्ठेचाळीस हजार जागा कमी केल्याचें जाहीर केलें. त्यांपैकीं चौतीस हजार चालक व ठाण्यांतील कामकरी यांच्या होत्या. निवडीचें काम यंत्रांकडे सोंपविण्याचा वेगहि वाढत आहे. तेव्हां दर वाढला, पण दर घेणारे हात घटले. याचें सारें खापर २०२३ च्या करारावर फोडणें न्यायाचें होणार नाहीं. पुडक्यांची संख्या, ॲमेझॉनचा स्वतःचा वाहनतांडा, महामारीनंतरची ओहोटी, हीं सर्वच कारणें त्यांत आहेत. पण करारानें तासाची किंमत ठरवितां येते, तास किती असावेत हें पूर्णपणें ठरवितां येत नाहीं, ही मर्यादा मात्र येथें स्पष्ट दिसते.

म्हणून २०२८ कडे पाहतांना कोणत्या खुणा न्याहाळाव्या, हें सांगून आटोपतें घेतों. पहिली खूण कंपनीच्या हातांतील पुडक्यांची. तीं वाढत असतील तर संपाला कंपनी भिईल, घटत असतील तर कदाचित् भिणार नाहीं. दुसरी, असंघटित प्रतिस्पर्ध्यांची. ॲमेझॉनच्या चालकांना संघटित करण्याचा टीमस्टर्सचा यत्न चालू आहे, आणि डिसेंबर २०२४ मध्यें त्या कंपनीच्या कांहीं ठाण्यांपुढें संपहि झाला. तो यत्न फसला तर यूपीएसचा कामकरी एकाकी पडेल. तिसरी खूण संघाच्या अंतर्गत एकोप्याची. चालक आणि पहांटेचा अर्धवेळ कामकरी हे एकमेकांसाठीं उभे राहतात किंवा नाहीं. आणि चौथी लोकमताची, म्हणजे आपल्यासारख्या पुडकें घेणाऱ्यांची.

या शेवटच्या खुणेपाशीं आपला संबंध येतो. मुंबईपुण्याच्या जिन्यावरून धांवणारा तरुण आणि अमेरिकेचा तपकिरी गाडीवान यांत एक मोठा भेद आहे. गाडीवानाजवळ एक करार आहे आणि त्या करारावर एक तारीख आहे. ती तारीख जवळ येऊं लागली कीं, धनाढ्य कंपनीलाहि त्याच्याशीं बसून बोलावें लागतें. आपल्या जिन्यावरच्या तरुणाला पुष्कळदां नोकर म्हणतहि नाहींत, 'भागीदार' म्हणतात. भागीदाराला करारांत घासाघीस करण्याची संधि नाहीं, आणि म्हणून त्याच्या संपाला तारीखहि नाहीं. आपण संपाला भितों तें तो आपल्या सोयींत व्यत्यय आणतो म्हणून. परंतु ज्या संपाची तारीख सर्वांना वर्षानुवर्षें आधीं ठाऊक असते तो टाळतां येतो, त्याची तयारी करतां येते, आणि तो टाळण्याच्या खटपटींतच पुष्कळ अन्याय दूर होतात. भय बाळगावें तें बिनतारखेच्या असंतोषाचें.

उद्यां दारावरची घंटा वाजली म्हणजे पुडक्यावरचें नांव वाचण्यापूर्वीं, तें आणणाऱ्याच्या तोंडाकडे क्षणभर पाहावें, आणि उन्हाळा असेल तर त्याला एक पेलाभर पाणी विचारावें. त्यानें कोणताहि संप टळणार नाहीं, हें खरें. पण पुढें कधीं संपाची वार्ता आली तर ती कोणाविषयींची आहे, हें आपल्याला ठाऊक असेल.